मदत हवी आहे: अमेरिकेत टीव्ही-रेडिओवरची 'आपत्कालीन चाचणी' नक्की किती वेळा होते? (बाबांची वही सोबत)

नेपरव्हिलची_सई

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा विचित्र आहे, पण गेले अडीच महिने आमच्या घरात यावरून रोज खल चालू आहे.

बाबा ऑगस्टमध्ये पुण्याहून आमच्याकडे आले, चांद्रयान उतरलं त्याच आठवड्यात. जेटलॅगमुळे रात्रभर टक्क जागे. चौथ्या रात्री पावणेतीनला मला हाक मारली, "सई, ऊठ, काहीतरी झालंय." टीव्हीचा पडदा काळा, वर पांढरी अक्षरं, भयंकर घुंई असा आवाज आणि एक बाई तुटक तुटक काहीतरी सांगतेय. मी डोळे चोळत म्हटलं, "काही नाही हो, टेस्ट आहे, इथे होत असते." बाबांनी विचारलं, "किती वेळा होते?" मला सांगता येईना. बारा वर्षं झाली इथे येऊन!

बाबा तारखात्यातून निवृत्त झालेले. म्हणजे पुढे काय झालं ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी वही आली. दिवसभर एक स्थानिक चॅनल आणि स्वयंपाकघरातला रेडिओ चालू असतो, आणि बाबा आवाज ऐकून नोंद करतात. त्यांच्याच शब्दांत देते:

२४ ऑगस्ट, रात्री २:५०. टीव्ही. कर्र ३ वेळा, घुंई, बाई बोलली, मग छोटे कर्र ३.
१ सप्टेंबर, दुपारी ४:१०. टीव्ही. कर्र ३, छोटे कर्र ३. बाई नाही.
५ सप्टेंबर, सकाळी १०:००. भोंगा, बाहेरून. टीव्ही गप्प.
१२ सप्टेंबर, सकाळी ११:२०. टीव्ही. घुंई आणि बाई. ११:४५ ला तेच रेडिओवर.
३ ऑक्टोबर, सकाळी १०:००. भोंगा.
४ ऑक्टोबर, दुपारी १:२०. टीव्ही, रेडिओ, घरातले चारही फोन. सगळे एकदम.
१९ ऑक्टोबर, सकाळी १०:५०. कर्र ३, छोटे कर्र ३. कोहली ९७.

मधल्या काळात 'बाई नाही' प्रकारच्या आणखी पाच-सहा नोंदी आहेत, वार आणि वेळ दर वेळी वेगळी. १९ तारखेचं दुःख वेगळंच. गहुंज्याला बांगलादेशविरुद्ध सामना, बाबांचं स्वतःचं गाव, कोहली ९७ वर, आणि केबलच्या डब्याने आपण होऊन चॅनल बदलून चाचणीचा पडदा लावला. परत आला तेव्हा सामना संपलेला आणि कोहली नाबाद १०३. बाबा अजून त्या डब्याशी बोलत नाहीत.

तर प्रश्न असे:
१. याला काही वेळापत्रक आहे का? बाबांचं ठाम मत आहे की सरकारी काम आहे म्हणजे परिपत्रक असणारच.
२. बाई कधी बोलते, कधी बोलत नाही, असं का?
३. हे बंद करता येतं का? निदान रात्रीचं?
४. खरं संकट आलं तर ओळखायचं कसं?

---

गजानन_टवाळे

९७ वर? बाबांना आमच्यातर्फे सहानुभूती. क्रिकेटमध्ये 'टेस्ट'ने असा घात मी पहिल्यांदाच ऐकतोय.

---

मनोऱ्याखालचा

सईताई, बाबांना सांगा परिपत्रक आहे. मी या देशात वीसेक वर्षं रेडिओ स्टेशनांवर इंजिनिअर म्हणून काम केलंय, आणि या चाचण्यांच्या नोंदवह्या भरण्यात त्यातला बराच काळ गेला. वही बघून मला माझं ऑफिस आठवलं.

ही यंत्रणा म्हणजे इमर्जन्सी अलर्ट सिस्टिम. १९९७ पासून ती आहे. त्याआधी १९६३ पासून इमर्जन्सी ब्रॉडकास्ट सिस्टिम होती आणि त्याच्याही आधी १९५१ पासून कोनेलरॅड, म्हणजे रशियाची बॉम्बफेकी विमानं येतील या धास्तीने केलेली सोय. नियम एफसीसीचे, म्हणजे इथल्या दूरसंचार नियामकाचे.

चाचण्या तीन प्रकारच्या. साप्ताहिक, मासिक आणि देशव्यापी.

साप्ताहिक चाचणी प्रत्येक स्टेशनने आठवड्यातून निदान एकदा करायची, आणि नियमातच लिहिलंय की वार आणि वेळ ठरावीक ठेवायची नाही. म्हणून बाबांना त्यात सूत्र सापडत नाहीये. सापडू नये हीच अपेक्षा. यात बाई नसते, कारण ही चाचणी माणसांसाठी नाहीच. एका स्टेशनच्या यंत्राने पाठवलेला मजकूर दुसऱ्या स्टेशनच्या यंत्राला नीट पोचतो का, एवढंच बघायचं असतं. 'कर्र' म्हणजे तो मजकूर. एकच मजकूर तीनदा पाठवतात, वाटेत एखादी प्रत खराब झाली तर ताडून बघता यावं म्हणून. शेवटचे छोटे कर्र म्हणजे 'संपलं'.

मासिक चाचणीत सगळं असतं: कर्र, घुंई, बाई, समाप्ती. घुंई म्हणजे ८५३ आणि ९६० हर्ट्झचे दोन स्वर एकाच वेळी, किमान आठ सेकंद. ते दोन सूर एकमेकांशी जमत नाहीत, म्हणून अंगावर येतात. मुद्दामच तसं केलंय.

आता गंमत. मासिक चाचणी विषम महिन्यात सकाळी साडेआठ ते सूर्यास्त या वेळात घ्यायची आणि सम महिन्यात सूर्यास्त ते सकाळी साडेआठ. दिवसपाळी आणि रात्रपाळी, दोन्हींची परीक्षा व्हावी म्हणून. ऑगस्ट आठवा महिना, म्हणून रात्री २:५०. सप्टेंबर नववा, म्हणून सकाळी ११:२०. बाबांचा कोणी छळ मांडलेला नाही, ते फक्त सम महिन्यात उतरले.

टीव्हीवर ११:२० आणि रेडिओवर ११:४५ हेही बरोबर. वरून आलेली मासिक चाचणी पुढच्या ६० मिनिटांत प्रक्षेपित करायची मुभा असते. जो तो आपल्या जाहिराती सांभाळून वेळ काढतो.

डबा आपण होऊन चॅनल बदलतो कारण शेकडो वाहिन्यांवर पट्टी दाखवण्यापेक्षा सगळे डबे एकाच पडद्यावर ढकलणं केबलवाल्यांना सोपं जातं. चाचणीची वेळ तेच निवडतात, त्यामुळे ९७ वर हे करणारा माणूस नक्कीच बेसबॉलवाला असणार.

---

नेपरव्हिलची_सई

अहो, काय सांगू! मी हे मोठ्याने वाचून दाखवलं आणि बाबा वही घेऊन बसले. ज्या आठवड्यात बाई बोलली त्या आठवड्यात नुसतं 'कर्र' एकदाही नाही. हाही नियमच का?

आणि एक अडचण. तुमच्या हिशेबाने ऑक्टोबरात रात्रीची बाई यायला हवी होती. वर्ल्डकपमुळे बाबा पहाटे साडेतीनपासून टीव्हीसमोर असायचे, आणि त्याआधीही त्यांची झोप म्हणजे नावालाच. ऑक्टोबरात रात्रीची नोंद नाही. बाबा म्हणतात, "त्यांना विचार, एक परीक्षा बुडवली का?"

---

मनोऱ्याखालचा

हो, नियमच. मासिक झाली की त्या आठवड्याची साप्ताहिक माफ.

आणि ऑक्टोबरची बुडवली नाही. बाबांच्या वहीतच उत्तर आहे: ४ ऑक्टोबर, दुपारी १:२०. ती देशव्यापी चाचणी होती. पूर्वेकडे २:२० वाजले होते. देशव्यापी चाचणी ज्या आठवड्यात आणि महिन्यात होते, त्या आठवड्याची साप्ताहिक आणि त्या महिन्याची मासिक तिच्यात जमा धरतात. स्टेशनांवर काम करणाऱ्यांनाही हे नियम पुस्तक उघडून बघावे लागतात. बाबांनी नुसत्या कानांनी भोक शोधलं.

देशव्यापी चाचणी फेमा, म्हणजे इथली केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था, घेते; तीन वर्षांतून निदान एकदा घ्यायचं कायद्याचं बंधन आहे. पहिली ९ नोव्हेंबर २०११ ला झाली आणि तिची फजितीच झाली. कुठे आवाज घुमला, कुठे काहीच आलं नाही, एका उपग्रह सेवेच्या काही ग्राहकांना चाचणीऐवजी लेडी गागाचं गाणं ऐकू आलं. चाळीस-पन्नास वर्षं यंत्रणा होती आणि सबंध देशात एकदम कधी वाजवूनच बघितली नव्हती! चाचण्यांचा कंटाळा आला की मी हा दिवस आठवतो. नंतर २०१६, १७, १८, १९, २१ आणि आता २०२३. फोन त्यात २०१८ पासून आले.

---

शिट्टीवाली_सुमा

मी ओक्लाहोमाची, त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही.

बाबांच्या वहीतला भोंगा वेगळा, त्याचा टीव्हीशी संबंध नाही. तो तुमच्या गावाचा, वादळासाठी. तुमच्या इलिनॉयमध्ये महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला वाजवून बघतात. आमच्या ओक्लाहोमा सिटीत शनिवारी दुपारी बाराला. आमच्याकडे लहान मुलं त्यावर जेवायला येतात, मुंबईत गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावायचे तसं.

बंद करण्याबद्दल: टीव्ही-रेडिओवर बंद करता येत नाही. फोनवर काही प्रकार बंद करता येतात, देशव्यापी सोडून. पण सई, वादळाचा इशारा कृपा करून बंद करू नकोस. २० मे २०१३ ला इथल्या मूर गावात टॉर्नेडोने, म्हणजे भोवऱ्यासारख्या वादळाने, जे केलं ते आम्ही जवळून बघितलंय. तेव्हापासून माझ्या घरात चिडचिड करणारा आवाज हा लाडका पाहुणा.

उलट एक सुचवते. बाबा रात्री झोपतील तेव्हा टीव्ही बंद, आणि तुम्ही पिक्चर बघता त्या स्ट्रीमिंगवर हे इशारे येतच नाहीत. भोंगा घराबाहेरच्या लोकांसाठी असतो, बंद खिडकीत झोपेत ऐकू येईलच असं नाही. म्हणून एक वेदर रेडिओ घ्या, हवामानाचे इशारे देणारा, बॅटरीवर चालणारा. त्यात आपली काउंटी (आपल्याकडचा जिल्हा समजा) घालून ठेवता येते, म्हणजे तीन काउंटी पलीकडच्या वादळासाठी तुम्हाला उठवत नाही. त्याचीही साप्ताहिक चाचणी असते, बहुधा बुधवारी दिवसा. बाबांना वहीत आणखी एक रकाना आखावा लागेल.

खरं कसं ओळखायचं? पडद्यावर काय लिहिलंय ते वाचायचं. चाचणीत 'टेस्ट' हा शब्द असतोच. खऱ्या इशाऱ्यात संकटाचं नाव, काउंटीचं नाव आणि किती वाजेपर्यंत ते असतं. इंग्रजी पटकन वाचायचा सराव नसेल तर दोनच शब्द शिकवा: 'टेस्ट' आणि 'टॉर्नेडो'. दुसरा दिसला की तळघर.

---

समुद्रकिनारी

सुमाताईंशी सहमत, पण पडद्यावरच्या शब्दांवरही एकदा माझा विश्वास उडाला होता. १३ जानेवारी २०१८ ला मी होनोलुलूत होतो. सकाळी ८:०७ ला फोनवर आलं की क्षेपणास्त्र येतंय, लगेच आसरा घ्या, ही चाचणी नाही. मी आणि बायको न्हाणीघरात बसून राहिलो. चूक झाली असा दुसरा संदेश ३८ मिनिटांनी आला. तिथल्या आपत्कालीन कार्यालयात सराव चालू होता आणि एका कर्मचाऱ्याने तो खरा समजून खरा इशारा पाठवला.

३८ मिनिटांत माणूस काय काय बोलतो हे इथे लिहीत नाही. आमचं लग्न टिकलं.

---

गजानन_टवाळे

बाबांना पुण्यात असतानाच सवय झाली असेल ना? जुलैत आमचे फोन असेच किंचाळले होते. आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना वाटलं फोन हॅक झाला, उरलेल्यांनी तो स्क्रीनशॉट एकमेकांना पाठवून 'तुला पण?' विचारलं.

---

नेपरव्हिलची_सई

@गजानन, बाबांचा फोन तेव्हा साधा, बटणांचा होता. तो काही बोलला नाही.

सुमाताई, वेदर रेडिओ मागवलाय. 'टेस्ट' आणि 'टॉर्नेडो' फ्रिजवर मराठीत लिहून चिकटवलंय.

मनोऱ्याखालचे दादा, बाबांचा एक तांत्रिक प्रश्न. मी तसाच उतरवते: "त्या कर्रमध्ये मजकूर कसा असतो? सुरुवात कुठून हे पुढच्या यंत्राला कसं कळतं?"

---

मनोऱ्याखालचा

बाबांना नमस्कार सांगा, हा प्रश्न आजवर मला कोणत्याही श्रोत्याने विचारला नव्हता.

दोन स्वर आलटून पालटून, सेकंदाला सुमारे ५२१ बिट या वेगाने. आधी यंत्राला जागं करणारी काही अक्षरं. मग झेड-सी-झेड-सी. त्यानंतर इशारा कोणी दिला, कशाचा (साप्ताहिक चाचणी असेल तर आर-डब्ल्यू-टी), कोणत्या काउंटीसाठी, किती वेळ लागू, कधी काढला आणि कोणत्या स्टेशनने पुढे पाठवला. तुमच्या ड्यूपेज काउंटीचा आकडा ०१७०४३; त्यातला १७ म्हणजे इलिनॉय. आणि शेवटचे छोटे कर्र म्हणजे चार वेळा एन: एन-एन-एन-एन.

---

नेपरव्हिलची_सई

दादा, तुम्ही काय लिहून ठेवलंत!

मी 'झेड-सी-झेड-सी' वाचलं आणि बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "पुढचं वाचू नकोस. शेवटी चार एन आहेत का?"

टेलिप्रिंटरवर तार अशीच सुरू व्हायची म्हणे, झेडसीझेडसीने, आणि संपायची चार एनने. बाबांनी हजारो वेळा टाइप केलेली अक्षरं. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी शेवटच्या दिवशी रांगेत उभं राहून स्वतःलाच एक तार करून आले होते. ती अजून कपाटात आहे.

तुम्हाला निरोप दिलाय: "आमची मशिनं ५० बॉडची, म्हणजे सेकंदाला ५० बिट. यांची दहापट झाली, पण सुरुवात-शेवट तोच ठेवला, बरं केलं."

रात्रीच्या आवाजाची तक्रार त्यांनी मागे घेतली आहे. डब्याविषयीची नाही.

आज नोव्हेंबर, विषम महिना. घड्याळं मागे गेल्यामुळे सूर्यास्त साडेचारच्या पुढेमागे. बाबा सकाळी साडेआठला आंघोळ आटोपून वही, पेन आणि रेडिओ घेऊन खिडकीपाशी बसले आहेत. मी म्हटलं, "बाबा, आजच होईल असं नाही, महिन्यात कधीही होईल." ते म्हणाले, "तार कधी येणार हे आम्हाला तरी कुठे माहीत असायचं?"