लष्करी पुंगळ्यांत .३०-०६ ची काडतुसे पुन्हा भरताना काय तपासावे?

ओहायोवासी: माझ्याकडे एम-१ गॅरंड ही .३०-०६ मापाचे काडतूस वापरणारी जुनी अमेरिकी लष्करी अर्धस्वयंचलित रायफल आहे आणि ती मी केवळ रेंजवरील कागदी लक्ष्यांसाठी वापरतो. बोल्ट रायफलसाठी (दर गोळीला हाताने खटका ओढावा लागणाऱ्या) बाजारातल्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसाची रिकामी पितळी आवरणे, मी पूर्वीपासून भरत आलो आहे, परंतु लष्कराने वापरून विकलेल्या .३०-०६ च्या पुंगळ्यांची एक पिशवी आता प्रथमच हाती आली आहे. बहुतेकांच्या बुडावर ‘एलसी’ आणि १९६० च्या दशकातील सालाचे दोन अंक आहेत, काहींवर ‘एचएक्सपी’, तर थोड्यांवर ‘एफए’ आहे. जुना प्रायमर (बुडातली, पावडर पेटवणारी छोटी टोपी) बराच जोर लावल्यावर निघतो, पण नवा प्रायमर खळग्यात बसत नाही. पावडरचे प्रमाण पूर्वीचेच ठेवावे का, हेही जाणून घ्यायचे आहे.

पितळप्रेमी: नवा प्रायमर न बसण्याचे कारण क्रिम्प हे आहे. स्वयंचलित शस्त्रात प्रायमर मागे सरकून यंत्रणेत अडकू नये म्हणून लष्करी कारखान्यात खळग्याच्या काठाचे पितळ त्याच्यावर दाबलेले असते. ही कड काढण्यासाठी ती रीमरने (फिरवून पितळ कापणाऱ्या हत्याराने) कापता येते किंवा स्वेजिंगच्या साधनाने दाबून मागे सारता येते. मी दुसऱ्या पद्धतीच्या बाजूचा आहे, कारण रीमर जरा जास्त फिरला तर खळगा सैल होतो आणि ती पुंगळी कायमची बाद होते, तर स्वेजिंगमध्ये पितळ कापलेच जात नाही. क्रिम्प एकदाच काढावा लागतो, त्यामुळे या कामात घाई करण्याचे कारण नाही. तोंडाच्या आतील काळा, डांबरासारखा थर हा पाणी आत शिरू नये म्हणून लावलेला लेप असतो आणि मानेवरचा निळसर-तपकिरी डाग कारखान्यातील अ‍ॅनीलिंगचा (तापवून पितळ मऊ करण्याचा) असतो. डाग हा दोष नव्हे. बाजारातल्या पुंगळ्यांवर तो घासून काढलेला असतो, एवढाच फरक.

शिक्क्यांनुसार ढीग वेगळे करावेत. ‘एलसी’ म्हणजे मिसूरी राज्यातील इंडिपेंडन्स येथील लेक सिटी कारखाना. ‘एचएक्सपी’ ग्रीसमध्ये बनलेल्या आहेत. सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम या अमेरिकेतील नागरी नेमबाजी संस्थेने ती काडतुसे वर्षानुवर्षे गॅरंडधारकांना विकली, आणि त्या पुंगळ्या पुनर्भरणासाठी उत्तम आहेत. ‘एफए’ म्हणजे फिलाडेल्फियाचे फ्रँकफर्ड आर्सेनल, जे १९७७ मध्ये बंद झाले.

खडकीचा_माणूस: एक छोटीशी पुरवणी. प्रायमर काढण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत विजेरीचा प्रकाश टाकून पाहावे. मध्यभागी एकच छिद्र दिसले तर ती बॉक्सर पद्धतीची आहे आणि आपल्या साधनांनी चालेल. बाजूला दोन बारीक छिद्रे दिसली तर ती बर्डन पद्धतीची आहे आणि डायमधील (पुंगळीला आकार देणाऱ्या साच्यातील) पिन तिथे मोडेल. आपल्या पुण्याजवळच्या खडकी कारखान्याच्या, ‘केएफ’ शिक्क्याच्या .३०३ पुंगळ्या अमेरिकेतील संग्राहकांकडे अजून आढळतात. त्या बर्डन असल्याने भरणाऱ्यांच्या फारशा कामाच्या नाहीत. घरी काडतुसे भरण्याचे हे सारे अमेरिकेपुरते खरे आहे, कारण भारतात काडतुसे बनवण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो.

मोजूनमापून: क्रिम्पपेक्षा मला मोठी चिंता वाटते ती या पुंगळ्या पूर्वी कोणत्या शस्त्रातून झाडल्या गेल्या याची. मशीनगनचे चेंबर (काडतूस बसते ती पोकळी) सैल असते, त्यामुळे पुंगळी झाडली जाताना ताणली जाते आणि बुडाच्या थोडे वर तिची भिंत आतून पातळ होते. अशी पुंगळी पुढच्या एखाद्या वेळी तिथेच तुटून दोन तुकडे होतात. पातळ तारेचे टोक काटकोनात वाकवून आतील भिंतीवरून वर ओढून पाहावे. टोक एखाद्या खाचेत अडखळले तर पुंगळी भंगारात टाकावी. बाहेरून बुडाजवळ चमकदार कडे दिसत असेल, तरी तोच निर्णय घ्यावा. उरलेल्या पुंगळ्यांना वंगण लावून पूर्ण साइझ करावे (साच्यात दाबून मूळ मापाला आणावे), खांद्याची, म्हणजे मानेखालच्या उताराची, जागा गेजने (मापकाने) तपासावी आणि नंतर लांबी मोजावी. कमाल लांबी २.४९४ इंच आहे आणि छाटण्याची नेहमीची लांबी २.४८४ इंच.

पावडरबाबत स्पष्टच सांगतो: पूर्वीचे प्रमाण जसेच्या तसे वापरू नये. लष्करी पुंगळीची भिंत जाड असेल तर आतील जागा कमी होते आणि तेवढ्याच पावडरने दाब वाढतो. हा फरक ७.६२ नाटो आणि बाजारातील .३०८ (एकाच दुसऱ्या काडतुसाची लष्करी आणि बाजारी रूपे) यांच्यात ठळक असतो, .३०-०६ मध्ये कमी. तरी प्रत्येक ढिगातील काही पुंगळ्या पाण्याने भरून वजन केले म्हणजे अंदाजाची गरज उरत नाही. प्रकाशित पुस्तिकेतील गॅरंडसाठीच्या किमान प्रमाणापासूनच सुरुवात करावी.

ओहायोवासी: मनःपूर्वक आभार. गॅरंडसाठी आणखी काही वेगळे पथ्य आहे का? आणि ‘एफए’ पुंगळ्या ठेवाव्यात का?

मोजूनमापून: पथ्य आहे. गॅरंडची फायरिंग पिन मोकळी असते आणि बोल्ट बंद होताना ती प्रायमरला हलका स्पर्श करते. म्हणून प्रायमर बुडाच्या पातळीच्या किंचित खाली बसला आहे, हे प्रत्येक काडतुसावर बोट फिरवून पाहावे. सीसीआय ३४ सारखे लष्करी धाटणीचे प्रायमर अधिक निर्धास्त वाटतात. सावकाश जळणारी पावडर टाळावी, नाहीतर गॅस पोर्टवरचा (नळीतून वायू बाहेर नेणाऱ्या छिद्रावरचा) दाब वाढून ऑपरेटिंग रॉड (त्या वायूने बोल्ट मागे ढकलणारा दांडा) वाकतो. आयएमआर ४८९५ ही पावडर जुनी, पारखलेली निवड आहे. गॅरंड पितळाला निष्ठुर वागवते, त्यामुळे चार-पाच भरणांनंतर मी पुंगळी बाजूला काढतो.

पितळप्रेमी: ‘एफए’ वरील साल पाहावे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तेथील प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे आणि त्याचे क्षार ओलावा धरून लोखंड गंजवतात. अशा पुंगळ्या गरम साबणाच्या पाण्याने धुवून, पूर्ण वाळवून, मानेला चिरा नाहीत ना ते भिंगाखाली पाहावे. तुमच्याकडे ‘एलसी’ भरपूर आहेत, तेव्हा मी तरी या थोड्याशा ‘एफए’ संग्रहात ठेवीन आणि भरणार नाही.