युवा धोरण गावापर्यंत काहून पोचत नाही?

कोरडवाहू_पोट्टा (दारव्हा, यवतमाळ): गावात अभ्यासिका पायजे म्हणून आम्ही पोट्टे मागं लागलो. ग्रामपंचायत म्हणते तालुक्याले जा, तालुका म्हणते जिल्ह्याले, तिथं सांगतात व्यायामशाळेले अनुदान हाये, अभ्यासिकेचं आमच्याकडं काही नाही. राज्याचं युवा धोरण 2012 चं, केंद्राचं 2014 चं, मंग अडते कुठं? जाणकारांनी सांगा.

वऱ्हाड_भाऊ: भाऊ, ग्रामपंचायतीचं बजेट पहा. स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला बालकल्याण, 15 टक्के मागासवर्गीय, 5 टक्के दिव्यांग, हे खर्च करावंच लागते, नाही केलं तर ऑडिटवाला विचारते. तरुणांसाठी असं बंधनकारक हेडच नाही. धोरण म्हणजे काही कायदा नाही ना, मंग ग्रामसेवकाले कोण जाब विचारणार? अन् युवा खातं क्रीडेसोबत, म्हणून मैदान, जिम, स्पर्धा एवढंच पुढं सरकते. बांगलादेशातही युवा अन् क्रीडा एकाच मंत्रालयात हाये, म्हणजे हे आपल्याच इथं नाही.

मोर्शीची_लेक: पोरींचं कोणीच बोलत नाही इथं. पोरगी तालुक्याच्या अभ्यासिकेत बसली तर संध्याकाळची एसटी चुकायची भीती, म्हणून घरचे पाठवतच नाहीत. आणि बाविसाव्या वर्षी लग्न झालं की ती कोणाच्या लेखी युवा राहत नाही, तिला थेट बचत गटात टाकतात, तिला पोलीस भरती द्यायची होती हे कोणी विचारत पण नाही. मला याचा खरंच राग येतो.

जीआर_वाचक: वयाचाच मेळ नाही. 2003 च्या राष्ट्रीय धोरणात 13 ते 35, 2014 मध्ये 15 ते 29, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत 18 ते 35, आफ्रिकन युनियनच्या 2006 च्या युवा सनदेत 15 ते 35. दहावीतलं पोरगं अन् दोन लेकरांचा बाप एकाच यादीत आले की मोजणार काय अन् पैसा मागणार कोणासाठी? त्या प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्याले महिना 6 हजार, आयटीआयले 8, पदवीले 10, पैसा खात्यात येते हे चांगलंच हाये, पण मुदत संपली की पुढं काय, गावात कंपनी कुठं हाये? तुम्ही 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घ्या, विकास आराखड्यात अभ्यासिका लिहून घ्या, ठरावाची नक्कल मागा. तोंडी बोलण्यावर राहू नका.

कोरडवाहू_पोट्टा: नक्कल मागाची हे डोक्यात नव्हतं, धन्यवाद भाऊ. ताई, अभ्यासिकेत पोरींची वेळ वेगळी ठेवावी का खोलीच वेगळी मागावी? ठरावात तसंच लिहितो.