छातीच्या फोटोत पाणी कुठं दिसतंय? रिपोर्ट बदललाय काय? अर्जंट

खानापूरकर: आज्जीच्या छातीचा फोटो काढला काल, रिपोर्टात डाव्या बाजूला पाणी लिहिलंय आणि बघतोय तर पांढरं उजवीकडं. नेटवरच्या फोटोत खाली पांढरं आणि वर वाटीसारखी गोल कड असती, आमच्यात तसलं काय नाही, आख्खी बाजू धुक्यागत. दुसऱ्याचा फोटो दिला काय? डॉक्टर सोमवारी भेटणार. लवकर सांगा

येळ्ळूरची_पोर: वय किती? ताप, दम? काहीच सांगितला नाहीस

निपाणी_बिडी: टीबीच. आमच्या आईला असंच झालतं, सुई घालून पिवळं पाणी काढलं, सहा महिने गोळ्या, आता ठणठणीत

चिकोडीवाला: सगळ्या पाण्याला टीबी म्हणू नका वो, माझ्या वडलांचं हार्टमुळं होतं. पाणी तपासल्याशिवाय कळत नाही. सरळ मिरजेला न्या

निपाणी_बिडी: हार्टचं दोन्हीकडं असतंय, हिचं एकीकडं. वाचा आधी

चिकोडीवाला: एकीकडं पण होतंय

जुना_टेक्निशियन: पेशंट आपल्याकडं तोंड करून उभा हाय असं समजून फोटो बघायचा, त्याची डावी आपल्या उजव्या हाताला. डाव्या बाजूची खूण म्हणून 'एल' अक्षर असतं, ते कुठं हाय? आणि उभं करून काढला की झोपवून?

खानापूरकर: एल उजवीकडंच. झोपवून, खुबा मोडलाय, उभी कशी राहणार?

जुना_टेक्निशियन: हे पहिलं सांगायचं की राव! उभ्या माणसात पाणी खाली बसतं, बरगडीजवळचा टोकदार कोपरा बुजतो, त्याला पण साधारण २०० मिली तरी लागतं. झोपवलं की पाठीमागं पसरतं, मग आख्ख्या बाजूवर पातळ पडदा टाकल्यागत, आतल्या शिरा पुसट दिसत राहतात. तुमचाच फोटो दिसतोय. सोनोग्राफी करून घ्या, थोडं पाणी पण सापडतं. खुबा मोडून पडून असलेल्याच्या पायातली गुठळी फुफ्फुसात जाऊ शकते, दम वाढला तर सोमवार बघू नका

गावठी_उपाय: ओव्याची पुरचुंडी गरम करून छाती शेका

जुना_टेक्निशियन: पाणी फुफ्फुसाच्या बाहेर, दोन आवरणांच्या मधे. शेकून कुठं जाणार?

सीमावासी: खर्चाचं बघायचं तर महाराष्ट्रानं २०२३ ला कर्नाटकातल्या ८६५ सीमागावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केलीय

चिकोडीवाला: कुठल्या दवाखान्यात चालतंय ते सांगा की

सीमावासी: त्याचा वेगळा धागा काढा

खानापूरकर: सोनोग्राफी उद्या ११ ला. वय ७८, ताप नाही. उशा लावून बसवलंय, सकाळपेक्षा दम जरा कमी वाटतोय

येळ्ळूरची_पोर: म्हणजे दम लागतच होता?? ११ कशाला, आत्ता ने तिला