मदत हवी आहे: जुन्या अँड्रॉइड कॅमेऱ्यातून फोटो थेट संगणकावर कसे पाठवायचे?

कॅमेरा २०१२ चा, सॅमसंगचा गॅलेक्सी कॅमेरा. २१ पट ऑप्टिकल झूम, अँड्रॉइड ४.१. लेन्स ठणठणीत आहे, फेकवत नाही. अडतं ते क्लाउडवर: अँड्रॉइडच्या या आवृत्तीत टीएलएस १.२ (इंटरनेटवरच्या सुरक्षित जोडणीची पद्धत) ॲपने मुद्दाम सुरू करावं लागतं, शिवाय रूट सर्टिफिकेटं (समोरचा सर्व्हर खरा आहे का हे ज्यांवरून तपासतात ती) जुनी. तारीख-वेळ बरोबर असूनही सर्टिफिकेटचा इशारा येतोच.

म्हणून घरच्या वाय-फायवर एफटीपी (नेटवर्कवरून फाइल पाठवायची पद्धत). संगणकावर सर्व्हर तयार आहे, कॅमेऱ्यात ‘स्लीपमध्ये वाय-फाय’ ‘नेहमी’वर. डीसीआयएममध्ये (फोटो-व्हिडिओ साठतात त्या फोल्डरमध्ये) नवी फाइल आली की आपोआप पाठवणारं, एपीआय १६ वर (म्हणजे अँड्रॉइड ४.१ वर) चालणारं ॲप कोणतं? व्हिडिओचं रेकॉर्डिंग संपण्याआधीच अर्धी फाइल उचलणारं नको. एपीके (ॲपची इन्स्टॉल फाइल) हाताने टाकता येईल. ॲपचा आवृत्ती क्रमांक जरूर लिहा. नव्या आवृत्त्या पार्सिंगलाच (इन्स्टॉल करताना फाइल वाचण्याच्या टप्प्यालाच) अडकतात.