निनावी चिठ्ठीवरून ग्रुपमध्ये दोन तट पडलेत, काय करू?

माळरान:
आमचा पक्षीनिरीक्षणाचा ग्रुप आहे, पस्तीसेक जण. सगळे हौसेनं येतात, वेळापत्रक मी सांभाळते. मागच्या महिन्यात मला एक निनावी चिठ्ठी मिळाली. आमच्यातले सगळ्यांत जाणते एक सदस्य फोटोसाठी घुबडाच्या घरट्याजवळ मोबाइलवर पुन्हा पुन्हा आवाज वाजवतात आणि घरट्याची जागा बाहेरच्या फोटोग्राफरांना सांगतात, असं तीत लिहिलंय. मी ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली, तिथेच चुकलं. आता ते म्हणतात, नाव कळल्याशिवाय उत्तर देणार नाही. निम्मे लोक त्यांच्या बाजूनं, उरलेले गप्प. अक्षरावरून मला अंदाज आहे. नाव सांगून टाकावं का? पक्षी ओळखायला मला या सदस्यांनीच शिकवलं, म्हणून फार त्रास होतोय.

चष्मेवाला:
सांगू नका. अंदाज तर अजिबातच नको, चुकला तर भलत्याच माणसावर शिक्का बसेल. कुणी लिहिलं हा विषय बाजूला ठेवा आणि लिहिलंय काय ते बघा. विणीच्या काळात प्लेबॅक, म्हणजे पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज, वाजवला की पक्ष्याला वाटतं, हद्दीत दुसरा घुसला. अंडी, पिल्लं टाकून तो हुसकायला धावतो. म्हणजे आरोप खरा असो वा खोटा, घरट्याजवळ प्लेबॅक नाही हा नियम तुम्हाला आजच करता येईल. जागेचंही तसंच. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर संवेदनशील प्रजातींची नेमकी जागा सगळ्यांना दिसत नाही, आणि त्यात कुणाला आपल्यावर संशय घेतल्यासारखं वाटत नाही, कारण नियम सर्वांना सारखा आहे.

रानवाटा:
मला थोडं वेगळं वाटतं. त्या सदस्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. ज्याचा चेहरा दिसत नाही त्याला उत्तर द्यायचं, आणि तेही पस्तीस जणांसमोर! आमचा जुना ग्रुप अशाच एका चिठ्ठीनं फुटला. नंतर नवा केला तेव्हा दोन माणसं नेमली. तक्रार करणाऱ्यानं नाव फक्त त्या दोघांना सांगायचं, ते बाहेर जात नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला काय घडलं, कधी घडलं, एवढं कळतं. अर्थात छोट्या ग्रुपमध्ये तारखेवरूनही माणूस ओळखू येतो, म्हणून कुठला तपशील सांगायचा ते तक्रार करणाऱ्यालाच आधी विचारतो. त्या दोघांपैकी एकजण तरी कार्यकारिणीबाहेरचा असावा. आमच्याकडे सुरुवातीला दोघंही सहलीचे आयोजकच होते, वर्षभर कुणी तोंड उघडलं नाही.

आणि चूक निघालीच तर लगेच काढून टाकू नका. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. जंगल, पाणी, मासेमारी सामायिकपणे सांभाळणारे गट त्यांनी अभ्यासले. टिकलेल्या गटांत शिक्षा पायरीपायरीनं वाढायची आणि भांडण मिटवायची सोय हाताशी, कमी खर्चाची असायची. तुमच्याकडे पहिल्यांदा एकांतात बोलणं, मग काही काळ घरट्यांची माहिती न देणं, असं करता येईल.

पाऊलवाट:
बैठकीसाठी लंडनमधल्या चॅटहॅम हाउस या संस्थेचा १९२७ पासूनचा नियम उपयोगी पडेल: ऐकलेलं बाहेर सांगता येतं, पण कोण बोललं ते सांगायचं नाही. गप्प बसलेले निम्मे त्यानं बोलते होतील.

माळरान:
काल त्यांना एकटीच भेटले. चिठ्ठी चारचौघांत वाचल्याबद्दल आधी माफी मागितली. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आवाज दोनदा वाजवला होता, जागा मात्र कुणाला सांगितली नाही. प्लेबॅकचा नियम तेच मांडणार आहेत. दोन माणसांची नावं रविवारी ठरवू. चिठ्ठी लिहिणाऱ्यापर्यंत हे कसं पोचवू? सरळ गेले तर मी ओळखलं हे कळेल.

रानवाटा:
एकट्याकडे जाऊच नका. त्या दोघांची नावं सगळ्यांना एकाच निरोपात कळवा, आधीच्या गोष्टीही त्यांना सांगता येतील असं त्यात लिहा. आणि ती चिठ्ठी कुणाच्या हाती लागू देऊ नका, अक्षर इतरांनाही ओळखता येईल.