शब्दचर्चा : ‘रिक्वायरमेंट एलिसिटेशन’ला मराठीत काय म्हणाल?

मूळ प्रश्न (बिझनेस अ‍ॅनालिस्ट, छत्रपती संभाजीनगर)

आमच्याकडं आडत दुकानांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं काम आलंय. नवी पोरं-पोरी लातूर, जालना आणि हिंगोलीच्या मोंढ्यांत, म्हणजे धान्याच्या बाजारांत, जाऊन आडते, मुनीम, तोलार, हमाल आणि शेतकरी यांच्याशी बोलणार आहेत. त्यांच्यासाठी मराठीत छोटी टिपणी लिहायला घेतली आणि पहिल्याच ओळीला अडले. ‘एलिसिटेशन’ला, म्हणजे सॉफ्टवेअर बनवण्याआधी ते वापरणाऱ्यांना नेमकं काय हवंय हे शोधून काढण्याला, काय लिहू? एका ठिकाणी ‘आवश्यकता संकलन’ सापडलं, दुसरीकडं ‘गरजा प्राप्त करणे’. ‘स्टेकहोल्डर’ला, म्हणजे ज्यांचा त्या कामाशी संबंध येतो त्या सगळ्यांना, दोन्हीकडं ‘भागधारक’. हे वाचून कुणी मोंढ्यात गेलं तर काय करून येईल, याचीच धास्ती वाटते. शब्द सुचवा, आणि तोच का तेही सांगा.

टेस्टर, पुणे (मूळ उदगीर)

ताई, ‘संकलन’ आधी खोडा. इंग्रजीतही पूर्वी सर्रास ‘गॅदरिंग’ म्हणत, अजूनही म्हणतात. पण बिझनेस अ‍ॅनालिस्टांची आयआयबीए ही संस्था २००३ साली कॅनडात सुरू झाली, तिच्या बाबॉक या मार्गदर्शिकेत शब्द ‘एलिसिटेशन’ हाच आहे. २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्या विभागाचं नाव ‘एलिसिटेशन अँड कोलॅबरेशन’ झालं. म्हणजे काढायचं, आणि समोरच्याला सोबत घेऊन काढायचं.

गोळा करायचं म्हटलं की वस्तू तयार आहे, आपण फक्त पिशवी घेऊन जायची, असं वाटतं. तशी गरज कुणाकडं तयार नसते. काहींना ती स्वतःलाच नीट ठाऊक नसते. काहींच्या ती इतकी अंगवळणी पडलेली असते की त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच डोक्यात येत नाही. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘बाहेर काढणे’ असाच आहे. म्हणून माझं मत ‘काढून घेणे’ला.

मराठीचे शिक्षक, परभणी

‘काढून घेणे’ला माझी हरकत आहे. ‘त्याच्या पोटातलं काढून घेतलं’ म्हणतो तेव्हा त्यात थोडी लबाडी असते, आणि ‘सावकारानं जमीन काढून घेतली’ म्हणतो तेव्हा तर सरळ जबरदस्ती. कुणी तरी हा शब्द सुचवेलच म्हणून ‘वदवून घेणे’चंही आत्ताच सांगून टाकतो: ते त्याहून वाईट. वदवून घेणारा उत्तर ठरवूनच आलेला असतो, समोरच्यानं ते फक्त उच्चारायचं असतं. कबुली वदवून घेतात. तुमच्या पोरानं ‘काका, मोबाइलवर रिपोर्ट आला तर बरं पडेल ना?’ असं विचारलं आणि काकांनी ‘पडेल की’ म्हटलं, तर ते वदवून घेणं झालं. काकांच्या दुकानाबद्दल त्यातून काहीही कळलं नाही. ‘खोदून विचारणे’ अर्थानं ठीक आहे, पण त्यात मला समोरचा वैतागलेलाच दिसतो.

मी ‘बोलतं करणे’ म्हणेन. वदवून घेण्यात शब्द माझे असतात आणि तोंड तुमचं. बोलतं करण्यात शब्दही तुमचे. शिवाय बोलतं करायला विचारणाऱ्याला गप्प बसावं लागतं, आणि तेच नव्या पोरांना जमत नाही.

जाता जाता, या खटाटोपाच्या निरनिराळ्या तऱ्हांना आपल्याकडं शब्दांची वाण नाही. चाचपणं वेगळं, अंदाज घेणं वेगळं, ठाव घेणं वेगळं. खडा टाकून पाहणं तर अगदीच वेगळं.

टेस्टर, पुणे

गुरुजी, खडा टाकून पाहणं म्हणजे आमचा प्रोटोटाइप! शेतकऱ्याला द्यायच्या पट्टीचा, म्हणजे मालाच्या हिशोबाच्या कागदाचा, कच्चा नमुना कागदावर काढून मुनीमजींपुढं ठेवायचा. ‘हे असं नसतंय’ म्हणत ते स्वतःच पेन घेतात, हमाली वर, तोलाई खाली, उचल वजा करायची जागा वेगळी, असं सगळं आखून देतात. नुसतं ‘पट्टीत काय काय असतं?’ विचारलं असतं तर ‘सगळंच असतं’ एवढ्यावर भागवलं असतं.

‘बोलतं करणे’त मात्र एक उणीव आहे. बाबॉकमध्ये मुलाखत, कार्यशाळा, प्रश्नावली यांच्याबरोबर निरीक्षण आणि जुन्या कागदपत्रांचा अभ्यास ही तंत्रंही दिलेली आहेत. काट्यावर उभा असलेला तोलार बोलत नसतो, आणि वह्या तर बोलतच नाहीत.

मुनीम, लातूर मोंढा

सकाळपासून तुमचं वाचायलो. शब्द तुम्ही ठरवा, पण पोरांना एवढं सांगून धाडा की काट्यापाशी थांबा. मागं एक जण आलता लॅपटॉप घेऊन. गादीवर बसूनच विचारला, ‘सोयाबीनमध्ये काय काय बघता?’ मी म्हणलो, हवा, माती, डागी. त्यानं लिहून घेतला. पुढच्या खेपेला स्क्रीन दाखवली तर ‘हवा’पुढं निवडायला तीन नावं: ऊन, ढगाळ, पाऊस!

आता मोंढ्यात हवा म्हंजे दाण्यातला ओलावा, हे इथं लहान लेकराला ठावं. तेलाच्या कारखान्याचा भाव दहा-दोन-दोनवर असतो. हवा दहा टक्के, माती-कचरा दोन, डागी दोन. त्याच्यावर गेलं की पैशात कटाई. हमीभावाच्या सरकारी खरेदीला बारा टक्क्याची अट असते, ती २०२४ च्या हंगामात केंद्रानं पंधरापर्यंत सैल केली. म्हंजे हवा हा पैशाचा आकडा हाय. त्यो पोरगा मशीनमध्ये दाणे टाकताना बघायला उठला असता तर आमाला काय सांगावंच लागलं नसतं. त्यानं विचारला ते मी बरोबर सांगितला, त्यानं ऐकला ते बरोबर लिहिला, अन् तरी घोटाळा.

दुसरं, ‘का’ जरा जपून विचारा म्हणावं. सारखं ‘कामून? कामून?’ केलं की मालक लोक गप होतेत. त्यांना वाटतंय जीएसटीवालाच आला वेष बदलून.

मूळ प्रश्नकर्ती

मुनीमजी, ‘हवा’चा किस्सा तुमची हरकत नसेल तर जसाच्या तसा टिपणीत घेते. आणि ‘का’बद्दल बोललात ते फार कामाचं. आम्हाला शिकवतात की पाच वेळा ‘का’ विचारा, म्हणजे मूळ कारणाशी पोचाल. टोयोटाच्या कारखान्यातून आलेली रीत आहे ती. तिथं ती बंद पडलेल्या यंत्राबद्दल विचारायची असते, गादीवर बसलेल्या मालकाला नव्हे.

मुनीम, लातूर मोंढा

घ्या की. फक्त दुकानाचं नाव नको. ‘का’च्या जागी ‘मग पुढं काय होतंय?’ विचारायला सांगा. माणूस आपोआप कारणावर येतो.

साखर कारखान्याच्या शेती खात्यात, बीड जिल्हा

‘भागधारक’वर कुणी बोलेना म्हणून लिहितो. आमच्याकडं भागधारक म्हणजे शेअर घेतलेला सभासद. सर्वसाधारण सभेला येतो, सवलतीची साखर नेतो, निवडणुकीत मत देतो. ‘भागधारकांशी बोला’ असं वाचून तुमची पोरं कारखान्यावर आली, तर चार सभासदांना भेटून चहा पिऊन परत जातील. ऊसतोड मजूर, मुकादम, बैलगाडीवाला, ट्रॅक्टरवाला यांतल्या एकाशीही बोलणं होणार नाही, कारण यांच्या नावावर शेअर नसतो. आणि सॉफ्टवेअर तोडणी-वाहतुकीचं असेल तर सगळं अडतं यांचंच.

तिथलं एक उदाहरण. ‘मजूर संख्या’ असा रकाना होता. मुकादम म्हणाला, ‘वीस कोयते.’ लिहिणाऱ्यानं वीस लिहिले. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकट्याचा अर्धा कोयता. उचलही कोयत्यावर ठरते. म्हणजे फडात माणसं चाळीस, नोंदीत वीस, आणि नोंदीतून गायब झाल्या त्या सगळ्या बायका. विमा, पाळणाघर, पाण्याची सोय, जे काही त्या आकड्यावर बेतलं जाईल ते निम्म्यावर येणार. मुकादम खोटं बोलला नव्हता. ‘कोयता म्हणजे किती माणसं?’ एवढं विचारायचं राहिलं होतं. पुण्या-मुंबईच्या पोराला ते सुचत नाही हे समजू शकतो, पण केज-धारूरचं पोरगंही विचारत नाही, कारण त्याला ते माहीतच असतं आणि प्रोग्रामरलाही माहीत असेल असं ते धरून चालतं. मला दुसरा प्रकार जास्त घातक वाटतो.

मराठीचे शिक्षक, परभणी

‘स्टेकहोल्डर’ची मराठीत जरा पंचाईतच आहे. ‘हितसंबंधी’ म्हणावं तर वर्तमानपत्रांनी ‘हितसंबंध’ हा शब्द नासवून ठेवलाय, ते ‘गुंतलेले’ तरी असतात नाही तर ‘दुखावलेले’ तरी. ‘संबंधित’ म्हणावं तर संबंधितांवर नेहमी कारवाईच होते. ‘हितधारक’ निर्दोष आहे, पण बोलण्यात कधी ऐकला नाही. इंग्रजी शब्दही काही मोठा शुद्ध नाही म्हणा. त्याचा मूळ अर्थ पैजेची रक्कम सांभाळणारा तिसरा माणूस असा होता, व्यवस्थापनात आजच्या अर्थानं तो रुळला तो १९६० च्या दशकापासून.

वाचक, जालना

एवढा कीस कशाला? एलिसिटेशन, स्टेकहोल्डर असंच लिहा देवनागरीत. पोरं इंजिनिअर आहेत, त्यांना कळतं.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, शब्द त्यांना कळतो, काम कळत नाही. आणि मोंढ्यात गेल्यावर ‘आम्ही एलिसिटेशनला आलोय’ म्हणून तर सांगता येणार नाही ना.

शेतकरी उत्पादक कंपनीत काम, हिंगोली

माझा आक्षेप ‘गरज’ या शब्दालाच आहे. ‘तुमच्या गरजा सांगा’ म्हटलं की माणूस एक तर ओशाळतो, नाही तर मागण्यांची यादी काढतो. गरजवंताला अक्कल नसते, ही म्हण आपल्याकडं प्रत्येकाच्या डोक्यात घट्ट बसलेली आहे, त्यामुळं स्वतःला गरजवंत म्हणवून घ्यायला कुणी राजी नसतं. हळदीच्या साठवणुकीची नोंद ठेवायला आम्ही एक अ‍ॅप करून घेत होतो, तेव्हा आधी सभासदांना ‘तुम्हाला काय पाहिजे?’ असं विचारून पाहिलं. गोदाम, अनुदान, रस्ता, गावाला एसटी, सगळं आलं. मग ‘हळद आणून टाकल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत कुठं कुठं अडतं?’ असं विचारलं. तेव्हा एक बाई म्हणाल्या, ‘पावतीवर मालकाचं नाव असतंय. ते बाहेरगावी गेले की माझ्या हाती पावती असून माल मिळत नाही.’ पावतीवर दुसरं नाव हवं, ही गोष्ट कुठल्याच यादीत आली नव्हती.

आणि हे बोलणं बैठकीत झालं नाही, बैठक उठल्यावर झालं. बैठकीत सासरे बसले होते. कार्यशाळा घ्यायची तर जरूर घ्या, पण आडत्यासमोर हमाल आणि सासऱ्यासमोर सून बोलेल अशी आशा धरू नका. वेगळं भेटा.

टेस्टर, पुणे

हिंगोलीकर, बाबॉकच्या व्याख्या तुमच्याच बाजूनं आहेत. तिथं ‘नीड’ म्हणजे सोडवायची अडचण किंवा साधायची संधी. आणि ‘रिक्वायरमेंट’ म्हणजे त्या ‘नीड’ची कामात वापरता येईल अशी मांडणी. दोन्हींना आपण ‘गरज’ म्हणतो आणि तिथं गोंधळ होतो. बाईंची अडचण ही गरज. ‘पावतीवर दोन नावं, दोघांपैकी कुणालाही माल देता यावा’ ही तिची लिहिलेली मांडणी. ती बाईंनी सांगितली नाही, सांगायचीही नव्हती. ती लिहिणं अ‍ॅनालिस्टचं काम.

निवृत्त मंडळ अधिकारी, नांदेड

आमच्या खात्याचा एक अनुभव उपयोगी पडेल. जबाब घेताना आम्ही शेवटी लिहायचो, ‘वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’, आणि त्याखाली सही किंवा अंगठा. बऱ्याच ठिकाणी ती ओळ नुसती घातली जायची, वाचून कुणी दाखवत नसे. पण खरोखर वाचून दाखवलं की हमखास काही तरी निघायचं. ‘तसं नाही साहेब, बांध आमचा नाही, धुरा आमचा.’ तुमच्या पोरांना लिहिलेलं वाचून दाखवायला लावा, आणि लिहिलंय त्याच भाषेत. आपण मराठीत विचारायचं, इंग्रजीत लिहायचं आणि सही त्या इंग्रजीखाली घ्यायची, याला काही अर्थ नाही.

टेस्टर, पुणे

साहेब, यालाही आमच्याकडं नाव आहे, निष्कर्षांची खातरजमा. बाबॉकच्या एलिसिटेशनच्या विभागात ते स्वतंत्र काम धरलंय. वगळलं जातं ते मात्र तुमच्या त्या ओळीसारखंच.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. सध्या असं लिहिलंय, पटतंय का बघा.

शीर्षकाला ‘अडचणी आणि गरजा समजून घेणे’. परभणीच्या गुरुजींचं ‘बोलतं करणे’ मुलाखतीच्या भागाला ठेवलंय. निरीक्षणाला ‘सोबत थांबणे’, कागदपत्रांना ‘वह्या-पावत्या चाळणे’, नमुन्याला ‘खडा टाकून पाहणे’, शेवटच्या टप्प्याला ‘वाचून दाखवणे’. ‘गरज’ हा शब्द फक्त आमच्या कागदांत राहील, मोंढ्यात कुणी तोंडातून काढायचा नाही. तिथला पहिला प्रश्न ‘कुठं अडतंय?’ हाच. ‘रिक्वायरमेंट’ला ‘आवश्यकता’ लिहिलंय, तो शब्द मला अजूनही सरकारी वाटतो, पण ‘गरज’पेक्षा वेगळा दिसतो म्हणून राहू दिला. ‘स्टेकहोल्डर’चं कोडं सुटलेलं नाही, तोवर ‘ज्यांचं काम यावर अडतं ते सगळे’ असं लांबलचक लिहिलंय. बीडच्या दादांमुळं त्याखाली एक ओळ वाढवली: माप, मोजणी किंवा माणसं यांचा कुठलाही शब्द आला की ‘म्हणजे किती?’ विचारायचं, आपल्याला माहीत असलं तरी.

मुनीमजी, पुढच्या महिन्यात पोरांना तुमच्याकडं पाठवू का?

मुनीम, लातूर मोंढा

आता सोयाबीनची आवक जोरात हाय, बोलायला कुणाला टाइम नाही. पण बघायचं असलं तर हेच दिवस. सौदा निघायच्या वक्ताला काट्यापाशी उभं राहू द्या, मधी मधी विचारू देऊ नका. बोलायचं असलं तर दिवाळीनंतर धाडा, दुपारी तीनच्या पुढं. अन् कट्टा किती किलोचा हे प्रत्येक दुकानात वेगळं विचारा म्हणावं.