'चाइल्ड्स पोझ': सगळं खापर आईवरच?

खिडकीजवळची सीट
काल 'चाइल्ड्स पोझ' दुसऱ्यांदा पाहिला. कॅलिन पेतर नेत्झरचा रुमानियन सिनेमा, २०१३ साली बर्लिन महोत्सवात गोल्डन बेअर, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळालेला. मग जुनी परीक्षणं वाचत बसलो आणि वैतागलो. जो तो 'मुलाला गिळणारी आई' एवढंच धरून बसलाय. (पुढे शेवट फोडलाय, न पाहिलेल्यांनी इथूनच परतावं.)

कॉर्नेलिया ही बुखारेस्टमधली पैसेवाली आर्किटेक्ट. मुलगा बार्बू ओव्हरटेक करताना गरीब घरच्या एका पोराला उडवतो. ही फरचा कोट घालून पोलीस ठाण्यात शिरते, फोनाफोनी करते आणि गाडीचा वेग कमी दाखवायला त्याला जबाब बदलायला लावते. हा सिनेमा ओळखीपाळखीवर आहे हो! तिच्या जागी बाप असता तर कुणी 'पझेसिव्ह बाप' लिहिलं असतं? वजनदार माणूस म्हणून मोकळे झाले असते.

दुपारचा चहा
साफ असहमत. मालिशीचा प्रसंग विसरलात? अपघातानंतर ती हातात रबरी मोजे चढवते आणि जाणत्या, वाढलेल्या मुलाच्या पाठीला मलम चोळत बसते. प्रसंग संपता संपत नाही. मी सोफ्यावर अंग चोरून बसले होते. ओळखीपाळखीच दाखवायची तर याची गरज काय? आणि मोलकरणीला खोदून खोदून विचारणं, मी दिलेलं लेखिका हेर्टा म्युलरचं पुस्तक तो वाचतो का म्हणून! अपघात व्हायच्या आधीपासून ती त्याच्या घरात डोळे लावून बसलीये. समीक्षक बरोबरच आहेत.

उंटावरचा शहाणा
कॅमेरा इतका का हलतो ते कुणीतरी सांगा. डोकं उठलं.

खिडकीजवळची सीट
@दुपारचा चहा, मालिश मान्य. पण साक्षीदार ज्या थंडपणे पैशाचं बोलतो (व्लाद इव्हानोव, काय नट आहे!), तिथे आईपण कुठे आहे? तिथे फक्त बाजार.

नदीपलीकडचा
मला सारखं पुणं आठवत होतं. मे २०२४, कल्याणीनगर, पोर्शेखाली दोन जीव गेले. पुढे मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला आणि त्यात आईलाही अटक झाली. कोर्टात काय ठरायचं ते ठरेल, पण आरोपींत बापही होता. चर्चेत मात्र 'कसली ही आई!' जास्त ऐकलं. धागाकर्त्याला माझं मत.

दुपारचा चहा
तो राग पैशावरचाही होता, उगाच सगळं आईवर ढकलू नका.
शेवटाकडे या. मेलेल्या पोराच्या घरी, त्याच्या आईबापासमोर बसून ही बाई रडत रडत आपल्याच मुलाचं कौतुक सांगते. जणू गेला तो हिचाच. कॉर्नेलिया झालेली लुमिनित्सा गिओर्गिऊ तिथे अशी रडते की अश्रू खरे आहेत असंच वाटतं, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. केवळ वशिल्याची बाई असती तर पाकीट ठेवून निघाली असती.

खिडकीजवळची सीट
हं. त्या प्रसंगात मीही रडलो, आणि मग स्वतःचाच राग आला. पोर गेलं त्यांचं, आणि मी रडतोय कुणासाठी?

उंटावरचा शहाणा
नंतर बार्बू गाडीतून उतरून त्या बापाला हात देतो, ते आपल्याला आरशात दिसतं. कॅमेरा तेव्हा कुठे शांत झाला. तेवढ्यासाठी माफ.